निदानाची वाट पाहताना पोट आणि मन कसे सांभाळावे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहायची जुनी पद्धत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टच्या पानावर दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, आणखी एक आकडा लिहिलेला आहे: ६, ४, ७, ६. त्या दिवशी मला किती वेळा शौचाला जावे लागले, तो आकडा. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कळू नये म्हणून पेन्सिल वापरली होती. पहिल्या तक्रारीपासून निदान होईपर्यंत माझे साडेपाच महिने गेले आणि शेवटी आतड्याचा क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी तो पूर्ण बरा झाला. मात्र त्या साडेपाच महिन्यांतले किमान दोन महिने मी माझ्याच हाताने वाढवले, असे आज मागे वळून पाहताना वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

मी डॉक्टर नाही. हा लेख तुम्हाला काय झाले आहे हे सांगणार नाही. जुलाब, बद्धकोष्ठ, मुरडा, आव पडणे, पोट साफ न झाल्याची भावना किंवा यांतले सगळेच आलटून पालटून चालू आहे, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आहेत, पण उत्तर अजून मिळालेले नाही, अशा काळात घरी नेमके काय करावे आणि काय टाळावे, एवढाच याचा विषय आहे. त्यातही एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घाबरून केलेल्या उपायांनी आजाराच्या खुणा पुसल्या जातात आणि मग डॉक्टरांना शोधायला काही उरत नाही. त्या खुणा जपणे हे या काळातले रुग्णाचे मुख्य काम आहे.

पहिली पायरी: थांबता येईल का, हे ठरवा

प्रत्येक तक्रार पुढच्या तारखेपर्यंत थांबू शकत नाही. शौचावाटे भरपूर रक्त जाणे; डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा मल होऊन चक्कर येणे; पोट फुगून वायू आणि शौच दोन्ही बंद होणे व त्याबरोबर उलट्या सुरू होणे; पोटात सहन न होणारी आणि वाढतच जाणारी कळ; जुलाबांबरोबर जोराचा ताप; किंवा सात-आठ तासांत लघवीच न होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

दुसरा गट इतका तातडीचा नसतो, पण तो अंगावर काढण्यासारखाही नसतो. प्रयत्न न करता वजन उतरणे (६० किलोच्या माणसाचे काही महिन्यांत ३ किलो कमी होणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही), शौचासाठी रात्री झोपेतून जाग येणे, वारंवार बारीक ताप, रक्तातले हिमोग्लोबिन कमी होणे, मलात रक्त दिसणे, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयीत बदल होणे, किंवा जवळच्या नात्यात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग अथवा आतड्यांच्या दाहाचा आजार झालेला असणे. यांतले एकही लागू होत असेल तर दोन महिन्यांनंतरची तारीख निमूटपणे स्वीकारू नका. दवाखान्यात फोन करून ‘माझ्या तक्रारीत आता रक्त दिसू लागले आहे’ किंवा ‘वजन उतरते आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगा आणि लवकरची वेळ मागा.

रक्ताबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. आपल्याकडे शौचात रक्त दिसले की घरातले कोणीतरी लगेच ‘मूळव्याध असेल’ म्हणते, आणि भिंतींवर रंगवलेल्या ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ अशा जाहिराती त्याच समजुतीवर चालतात. बऱ्याचदा मूळव्याधच असते, हे खरे. परंतु डॉक्टरांनी गुदद्वाराची बोटाने तपासणी केल्याशिवाय, आणि गरज पडल्यास आत पाहिल्याशिवाय, ते कोणालाही सांगता येत नाही. ही तपासणी एका मिनिटाची असते. स्त्रियांना संकोच वाटत असेल तर स्त्री परिचारिका हजर ठेवण्याची विनंती करावी. असे विचारण्यात काहीही गैर नाही. शिवाय बिटाने मल लालसर होतो आणि लोहाच्या गोळ्यांनी काळा होतो, हे लक्षात ठेवले तर एखादी भीती तिथल्या तिथे मिटते.

दुसरी पायरी: नोंद ठेवा

दवाखान्यात आपण ‘पोट बिघडले आहे’ असे सांगतो. या तीन शब्दांत जुलाब, बद्धकोष्ठ, गॅस, मळमळ असे काहीही मावते, त्यामुळे डॉक्टरांना त्यातून फारसे काही कळत नाही. मी पहिल्या भेटीत हेच सांगितले होते आणि मला गॅसची गोळी मिळाली. तिसऱ्या भेटीत कालनिर्णयाची पाने फाडून नेली, तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून ती वाचली.

नोंदीत मलाचा प्रकार लिहिण्यासाठी ‘ब्रिस्टल’ तक्ता वापरतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला हा तक्ता १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभरचे डॉक्टर तो ओळखतात. त्यात सात प्रकार आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा आणि कडक, दुसरा गाठीगाठींचा पण एकत्र, तिसरा वरून भेगा पडलेला, चौथा गुळगुळीत आणि मऊ, पाचवा मऊ तुकड्यांचा, सहावा चिखलासारखा विरविरीत आणि सातवा निव्वळ पाण्यासारखा. तिसरा आणि चौथा हे साधारणपणे ठीक मानले जातात. ‘सकाळी ७, प्रकार ६, आव होती, आधी कळ, नंतर आराम’ एवढ्या एका ओळीत डॉक्टरांना हवे ते बहुतेक सगळे येते.

त्याबरोबर पुढील गोष्टी लिहाव्यात: कळ पोटात नेमकी कुठे आली आणि शौच झाल्यावर ती थांबली की नाही, रात्री जाग आली का, ताप होता का, आणि तो थर्मामीटरने मोजलेला आकडा, घेतलेली प्रत्येक गोळी, चूर्ण आणि काढा, स्त्रियांनी पाळीचे दिवस. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर करावे. रोज वजन केले तर पाण्याच्या चढउतारामुळे अर्धा किलो इकडे-तिकडे होते आणि जीव विनाकारण टांगणीला लागतो. रक्त किंवा आव दिसली तर फोनने छायाचित्र काढून ठेवणे किळसवाणे वाटेल, पण तपासणीच्या दिवशी ते नेमके दिसत नाही आणि त्या वेळी असे छायाचित्र फार उपयोगी पडते.

दिवसाला या कामासाठी पाच मिनिटे पुरतात. त्याहून जास्त वेळ जाऊ लागला तर नोंदीचे रूपांतर पाळत ठेवण्यात होते आहे, असे समजावे.

तिसरी पायरी: खुणा पुसू नका

माझ्या चुका इथे झाल्या. जुलाब वाढले की मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ‘लूज मोशनची गोळी’ मागून आणत असे. दुकानदार न विचारता ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल या प्रतिजैविकांची (अँटिबायोटिक) एकत्रित गोळी देत असे. तीन-चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. असे तीनदा झाले. पुढे निदान झाल्यावर कळले की ऑफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांचा क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी परिणाम होतो. त्यामुळे आजार बरा होत नाही, पण काही काळ दबून राहतो आणि तपासणीत जंतू सापडणे अवघड होऊन बसते. प्रतिजैविक डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायचे नाही, हे वाक्य आपण शंभरदा ऐकलेले असते. निदान बाकी असताना ते अक्षरशः पाळावे.

दुसरी चूक गव्हाची. कोणीतरी सांगितले म्हणून मी पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली आणि त्यानंतर महिन्याभराने गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजारासाठी रक्त दिले. ही तपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए, या आजारात ग्लूटेन खाल्ल्यामुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे मोजते. गहू पोटात जातच नसेल तर ती प्रतिपिंडे कमी होत जातात आणि आजार असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. म्हणून या तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, दिवसातून एकाहून अधिक जेवणांत गहू असावा असे सांगतात. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लूटेन नसते; त्यामुळे ज्या घरांत मुळातच दोन्ही वेळा भाकरी किंवा भात असतो, त्या घरांतल्या रुग्णाने ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवी. माझी ती तपासणी वाया गेली आणि पुन्हा करावी लागली.

तिसरी गोष्ट स्टेरॉइडची. क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार आणि आतड्याचा क्षयरोग हे दोन्ही बहुधा लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात त्याच भागात व्रण करतात, आणि दुर्बिणीतून पाहताना अनुभवी डोळ्यालाही त्यांतला फरक नेहमी कळत नाही. क्रोन्समध्ये स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारे औषध, देतात. क्षय असताना क्षयाच्या औषधांशिवाय तेच स्टेरॉइड दिले तर आजार भडकू शकतो. आपल्या देशात क्षयरोग सर्रास आढळतो, म्हणून डॉक्टर इथे घाई करत नाहीत. बायॉप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणे), जीनएक्स्पर्ट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि जंतुसंवर्धन (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) अशी तपासण्यांची साखळी लागते, आणि क्षयाचे जंतू इतके हळू वाढतात की संवर्धनाचा अंतिम अहवाल यायला सहा आठवडे लागतात. एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर काही वेळा क्षयाची औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. मला हा उशीर म्हणजे हलगर्जी वाटत होती. कारण कळले तेव्हा राग उतरला.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्या आतड्याला इजा करतात आणि मलातल्या कॅल्प्रोटेक्टिनचा आकडाही वाढवू शकतात. हे कॅल्प्रोटेक्टिन आतड्यात सूज आहे की नाही हे ओळखण्यासाठी मोजतात. ते दर ग्रॅम मलात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर सूज असण्याची शक्यता फार कमी असते. चूर्णे आणि भस्मे यांबद्दलही लपवाछपवी नको. अनेक चूर्णांत सोनामुखी असते, जी रोज घेतल्यास स्वतःच जुलाब आणि मुरडा घडवते, आणि शिसे असलेल्या काही भस्मांमुळे पोटदुखी व रक्तक्षय झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. औषधाची डबीच सोबत घेऊन जावी, म्हणजे नाव आठवण्याचा प्रश्न येत नाही. जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी प्रवासात उपयोगी असली तरी ताप किंवा रक्त असताना घ्यायची नसते.

चौथी पायरी: फाइल आणि एका पानाचा सारांश

सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, सर्वांत नवा वर. पातळ चकचकीत कागदावरचे अहवाल काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. सर्वांत वर एक पान असू द्या: तक्रार कधी सुरू झाली, आता काय होते, किती वजन उतरले, घरात कोणाला काय आजार होता, आतापर्यंतच्या तपासण्या, घेतलेली औषधे, आणि शेवटी तुमचे तीन प्रश्न. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे मिळतात. हे पान हातात दिले तर ती पाचही मिनिटे कामाला येतात. सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट सांगायला तिथे वेळ नसतो.

रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तेव्हा हे माहीत असावे, आणि मागताना आवाज चढवावा लागत नाही.

तपासणीसाठी दिलेल्या प्रत्येक नमुन्याचा क्रमांक आणि अहवालाची तारीख लिहून घ्या. ‘काही असते तर त्यांनी कळवले असते’ असे गृहीत धरू नका. माझ्या बायॉप्सीचा अहवाल तयार होऊन प्रयोगशाळेत बारा दिवस पडून होता, कारण अर्जावर फोन क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी आपण फोन करावा.

खर्चाचा विचारही आधीच करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवावी. क्षयरोगाची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

पाचवी पायरी: खाणे सोडू नका

पोट दुखते म्हणून माणूस खाणे कमी करतो, वजन उतरते, आणि मग ते आजाराने उतरले की उपासमारीने, हे डॉक्टरांना कळत नाही. मऊ भात, मुगाचे पातळ वरण, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, साल काढून शिजवलेले सफरचंद, उकडलेले अंडे, चालत असेल तर ताजे ताक, असे थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत पोट गुबारत असेल तर ते नोंदवा, आणि दोन आठवडे दूध थांबवून पाहा. एका वेळी एकच बदल, आणि त्याला दोन आठवडे द्यायचे. दूध, कांदा, लसूण, तूरडाळ आणि चहा एकाच सोमवारी सोडले तर बरे वाटल्यावरही कशामुळे बरे वाटले हे कळत नाही. कडक वर्ज्य-यादी आहारतज्ज्ञाशिवाय पाळू नये. गव्हाबद्दल वर सांगितलेच आहे.

जुलाब असताना जलसंजीवनी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचा उल्लेख पाकिटावर पाहावा आणि १ लिटरचे पाकीट १ लिटर पाण्यातच घोळावे. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेही सपाट, असे घरी करता येते. इथे चमचा म्हणजे चहाचा. बद्धकोष्ठाचा जोर असेल तर इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा, नुसता ओला करून नाही. मात्र पोट फुगणे, उलट्या, वायू अडकणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये, कारण अरुंद झालेल्या आतड्यात तो अडकू शकतो.

एकादशी, चातुर्मास, श्रावणी सोमवार या काळात उपवास करू नयेत, असे मी आग्रहाने म्हणेन. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि तळलेले पदार्थ दुखऱ्या आतड्याला साध्या जेवणापेक्षा जड जातात. हळदीकुंकवाला किंवा लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर ‘तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे’ हे एवढेच वाक्य पुरते. त्यापुढे कोणताही खुलासा देणे तुमच्यावर बंधनकारक नाही.

सहावी पायरी: बाहेर पडणे बंद करू नका

आतड्यांची हालचाल जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या चहा-न्याहारीनंतर, वाढते. ही शरीराची नेहमीची प्रतिक्रिया आहे. म्हणून निघण्याच्या दीड तास आधी उठून खावे, म्हणजे पहिली घाई घरीच होऊन जाते. मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. मी त्या काळात जलद गाडी सोडून धीमी गाडी पकडत असे. वेळ वीस मिनिटे जास्त लागायचा, पण दर तीन-चार मिनिटांनी स्थानक येते आणि आपण उतरू शकतो, एवढ्या जाणिवेनेच पोटातली कळ पुष्कळदा बसायची. लांबच्या प्रवासाला बसपेक्षा रेल्वे बरी. रस्त्याने जाताना पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह वापरण्याचा संकोच करू नये.

पिशवीत एक जोड अंतर्वस्त्रे, टिश्यू, पाण्याची लहान बाटली, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, दोन जाड पिशव्या आणि जलसंजीवनीचे पाकीट ठेवा. वारंवार धुतल्याने जागा सोलवटते. चोळून पुसण्याऐवजी मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि वर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवावा. कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंचीचे पाट-स्टूल घेतल्यास भारतीय पद्धतीच्या बैठकीचा फायदा मिळतो आणि कुंथावे लागत नाही. फोन बाहेर ठेवावा.

कार्यालयात सगळ्यांना सांगण्याची गरज नसते, पण एका वरिष्ठाला आणि शेजारच्या एका सहकाऱ्याला ‘पोटाच्या तपासण्या चालू आहेत, बैठकीतून मधेच उठावे लागेल’ असे सांगून ठेवले की निम्मा ताण उतरतो.

सातवी पायरी: काळजीला जागा नेमून द्या

आतड्यांच्या भिंतींत मज्जापेशींचे स्वतःचे दाट जाळे असते आणि त्याचा मेंदूशी दोन्ही बाजूंनी संवाद चालू असतो. भीतीने आतड्यांची गती बदलते, गती बदलल्याने कळ येते, आणि कळेने भीती वाढते. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे घरच्यांनी म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. त्रास खराच असतो, आणि तरीही मन शांत झाले की तो काही प्रमाणात कमी होतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बहुतेकांच्या मनात कर्करोगाचीच भीती असते, फक्त तो शब्द उच्चारला जात नाही. तो डॉक्टरांसमोर उच्चारा. ‘मला कर्करोगाची भीती वाटते, माझ्या बाबतीत ती कितपत खरी आहे?’ असे विचारले की उत्तर मिळते. दीर्घकाळ पोटाच्या तक्रारी असणाऱ्या बहुसंख्य लोकांना कर्करोग नसतो, आणि कोणाला तो शोधायला हवा हे ठरवण्यासाठीच पहिल्या पायरीतली लक्षणे विचारली जातात.

घरी मला तीन गोष्टींचा उपयोग झाला. संध्याकाळी साडेसहा ते सात ही काळजीची वेळ ठरवली. दिवसभरात आलेली शंका वहीत एका ओळीत लिहायची आणि त्या वेळेपर्यंत बाजूला ठेवायची. साडेसहाला वही उघडल्यावर ज्या शंका डॉक्टरांना विचारण्याजोग्या वाटत, त्या सारांशाच्या पानावर जात, उरलेल्यांवर रेघ ओढायची. दुसरी गोष्ट श्वासाची. पाठीवर झोपून एक हात पोटावर ठेवायचा, चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, आणि हात वर-खाली होतो आहे हे पाहायचे. कळ सुरू होताना पाच मिनिटे हे केले की ती टोकाला जात नाही.

तिसरी गोष्ट फोनची, आणि ती सर्वांत अवघड होती. हल्ली अहवाल रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर येतो आणि मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो आकडा घेऊन माणूस पहाटे तीनपर्यंत शोधत बसतो. सीआरपी, म्हणजे शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असल्यास वाढणारा रक्तातला घटक, थोडे वाढलेले असणे हे दाताच्या दुखण्यापासून सर्दीपर्यंत कशानेही होऊ शकते, पण रात्री एकट्याला हे सुचत नाही. माझे अहवाल माझ्या बहिणीच्या क्रमांकावर जातील अशी व्यवस्था मी केली होती, आणि ती ते भेटीच्या दिवशी सकाळी मला देत असे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर निदानाची वाट न पाहता मदत घ्यावी. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर त्याच क्षणी फोन करावा आणि घरातल्या कोणालातरी जवळ बसवून घ्यावे.

आठवी पायरी: दुर्बिणीची तयारी

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीने आतून पाहण्याची, भीती तपासणीपेक्षा मोठी असते. गुंगीचे औषध दिले जाते आणि तपासणी साधारण अर्ध्या तासात आटोपते. खरी कसोटी आदल्या रात्रीची. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, साली, बिया, शेंगदाणे आणि कोंड्याचे पीठ बंद करतात. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधे कशी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावे. ती आपल्या मनाने थांबवू नयेत. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव चालतात: नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, दुधाविना चहा, गाळलेले सूप. कोकम सरबत आणि डाळिंबाचा रस चालत नाही, कारण त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो.

पोट साफ करायची पावडर खारट-गोडसर आणि बुळबुळीत लागते. ती फ्रिजमध्ये गार करून, जाड स्ट्रॉने, पेलाभर दर पंधरा मिनिटांनी घेतली की उतरते. मधे लिंबाची फोड चोखावी. स्वच्छतागृहाजवळच गादी टाकावी, सैल गाऊन किंवा लुंगी घालावी आणि घरातल्यांना ते स्वच्छतागृह रात्रभर न वापरण्यास सांगावे. शेवटी बाहेर पडणारे पाणी लघवीसारखे पिवळसर आणि पारदर्शक झाले म्हणजे तयारी झाली. ते अजून गढूळ असेल तर तसे परिचारिकेला खरे सांगावे, कारण अर्धवट साफ झालेल्या आतड्यात व्रण दिसत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते. परतताना सोबत एक जाणता माणूस हवा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि कोणत्याही कागदावर सही करायची नाही.

अहवाल हाती आल्यावर

या भेटीला एकट्याने जाऊ नये. गुंगी उतरत असताना किंवा घाबरलेले असताना डॉक्टरांनी सांगितलेले निम्मे डोक्यात राहत नाही. सोबतच्या माणसाने ते लिहून घ्यावे.

सगळे अहवाल ‘सामान्य’ आले तर पुष्कळांना आनंदाऐवजी निराशा येते, कारण त्रास तर चालूच असतो. अशा वेळी ‘म्हणजे मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत दोष न दिसताही आतड्यांचे काम बिघडण्याचा आजार) आहे का?’ असे सरळ विचारावे. तीन महिन्यांपासून आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे आणि शौचाच्या वेळा किंवा प्रकार बदलणे, अशा निश्चित निकषांवर हे निदान केले जाते, आणि त्यावर आहार, औषधे व मानसोपचार असे खरे उपचार आहेत. ‘काहीच नाही’ आणि ‘आयबीएस आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर नेमके कोणती म्हणत आहेत, हे कळल्याशिवाय उठू नये.

आणि निदान झालेले असो वा नसो, चार गोष्टी लिहून घ्याव्यात: आता कोणते औषध किती दिवस घ्यायचे, किती दिवसांत फरक दिसायला हवा, कोणते लक्षण दिसले तर तारखेची वाट न पाहता यायचे, आणि पुढची भेट कधी. मी त्या दिवशी घरी आल्यावर ती पुढची तारीख कालनिर्णयावर लिहिली. या वेळी पेनने.